सिद्धता वाचताना समजते, पण लिहिता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

नोकरी सांभाळून गणित पुन्हा शिकताना छापील सिद्धता पटते, पण कोरा कागद समोर आला की पहिली ओळच सुचत नाही, असे आपण लिहिले आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी माझीही हीच गत होती. शाळेत भूमितीच्या प्रमेयाआधी ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहायला लावत आणि आम्ही ते गुणांपुरते लिहून मोकळे होत असू. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी: काय दिले आहे व काय दाखवायचे आहे हे दोन ओळींत लिहून त्यातल्या प्रत्येक पारिभाषिक शब्दाच्या जागी त्याची व्याख्या मांडावी.

‘पूर्णांक क चा वर्ग सम असेल, तर क सम असतो’ हे विधान घ्या. मी पहिल्यांदा लिहिले होते, ‘क = २म, म्हणून क² = ४म², म्हणजे सम.’ सरांनी त्याखाली लाल शाईने एवढेच लिहिले, ‘हे कोणी विचारले होते?’ मी साध्यच पक्ष म्हणून घेतले होते आणि मूळ विधानाऐवजी त्याचा व्यत्यास सिद्ध केला होता. सरळ वाटेने जायचे तर क² = २म वरून क कडे येताना वर्गमूळ आडवे येते; म्हणून क विषम आहे असे मानून क = २म + १ लिहावे. मग क² = २(२म² + २म) + १, म्हणजे विषम, आणि वर्ग सम असताना क विषम असणे शक्यच नाही.

दहावीस उदाहरणे तपासून समाधान मानण्याची सवयही सोडावी लागते. गणितज्ञ ऑयलरच्या क² + क + ४१ या राशीत ० ते ३९ पर्यंतची प्रत्येक संख्या ठेवली तरी मूळ संख्याच मिळते. ४० ठेवली की मात्र १६८१ येतात, म्हणजे ४१ चा वर्ग.

आता √२ अपरिमेय असल्याची सिद्धता न पाहता लिहून काढा आणि तीत २ च्या जागी सगळीकडे ४ घाला. √४ तर २ आहे, तेव्हा सिद्धता कुठेतरी मोडलीच पाहिजे; ती ओळ स्वतः शोधा, पुढचे वाक्य त्यानंतरच वाचा. √४ = प/फ (प, फ पूर्णांक) मानल्यावर मिळणाऱ्या प² = ४फ² वरून ‘प ला ४ ने भाग जातो’ असे आपण लिहून जातो, पण २ च्या वर्गाला ४ ने भाग जात असला तरी २ ला जात नाही.