व्हीलुकअप शेजाऱ्याची थकबाकी का दाखवतं?

नऱ्ह्यातल्या सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट, एका पानावर फ्लॅट नंबर आणि दुसऱ्यावर थकबाकी. व्हीलुकअप (एक्सेलचं, यादीत शोधून त्याच ओळीतली माहिती आणणारं सूत्र) काही फ्लॅटना भलत्याच माणसाची रक्कम लावतं, आणि शेवटी फॉल्स घातलं की काही ओळींत #एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', येतं, असं तुम्ही विचारलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं सोपं. सूत्राचा चौथा भाग दिलाच नाही तर एक्सेल तिथे ट्रू धरतं, म्हणजे जवळपास जुळलं तरी चालेल. त्या पद्धतीत शोध यादीच्या मधून सुरू होतो आणि दर पावलाला निम्मी यादी सोडून देतो, म्हणून यादी चढत्या क्रमातच हवी. आपल्याला ए-९०१ नंतर ए-१००१ हा क्रम बरोबर वाटतो. पण हा मजकूर आहे, आणि मजकुराच्या क्रमात ए-१००१ हे ए-१०१ च्याही आधी येतं. बरं, यादी नीट लावली तरी त्यात ए-३०४ नसेल तर एक्सेल गप्प राहून ए-३०३ ची रक्कम देतं. पैशाच्या हिशेबात हे #एन/ए पेक्षा कितीतरी वाईट. म्हणून शेवटी फॉल्स, म्हणजे तंतोतंत जुळणीच, लिहा (एक्सेलमध्ये हे रोमन अक्षरांत टाइप करा):

=व्हीलुकअप(ए२, थकबाकी!$ए$२:$सी$१४५, ३, फॉल्स)

डॉलरची चिन्हं विसरू नका, नाहीतर सूत्र खाली ओढलं की यादीही खाली सरकते. मॅचमध्येही (यादीत कितव्या जागी आहे ते सांगणारं सूत्र) तिसरा भाग ० द्या, न दिल्यास तो १ धरला जातो. व्हीलुकअपचा नवा भाऊ एक्सलुकअप मुळातच तंतोतंत जुळणी करतं, पण एक्सेल २०१९ मध्ये ते नाही.

आता #एन/ए. दिसायला सारख्या दोन सेल आतून वेगळ्या असतात. अंदाज बांधत बसू नका. दोन्ही सेलवर लेन (किती चिन्हं आहेत ते मोजतं) आणि इझनंबर (आकडा आहे का ते सांगतं) चालवा.

इझनंबर एकीकडे ट्रू आणि दुसरीकडे फॉल्स आलं तर एक आकडा आहे, दुसरा आकड्यासारखा मजकूर. नुसता सेलचा फॉरमॅट बदलून हे सुटत नाही. कॉलम निवडा, डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि थेट फिनिश दाबा. बँक खात्याच्या क्रमांकावर मात्र हे करू नका. एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपतं, १६ वा अंक शून्य होतो, आणि मग दोन सभासदांची खाती एकच दिसू शकतात. असे क्रमांक दोन्हीकडे मजकूर म्हणूनच ठेवा.

लेन वेगळं आलं तर बहुधा शेवटी रिकामी जागा आहे, ती ट्रिमने जाते. पण नेटबँकिंगच्या पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात साध्या जागेसारखीच दिसणारी १६० क्रमांकाची जागा असू शकते, तिला ट्रिम हात लावत नाही. तिच्यासाठी =ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२, चार(१६०), " ")).

तुमच्या पत्त्याच्या कॉलममध्ये आणखी एक गोम असू शकते, आणि ती मराठीचीच आहे. 'नऱ्हे' दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर फरक कळत नाही, पण लेन एकाला ५ आणि दुसऱ्याला ६ देतं. ट्रिम, क्लीन इथे निरुपयोगी. फाइंड-रिप्लेसच्या 'शोधा' खान्यात दुसऱ्या तऱ्हेचा शब्द सेलमधूनच कॉपी करून टाका आणि सगळीकडे पहिला करा. कोथरूड-कोथरुडचं तर उघडच आहे. म्हणूनच गावाच्या किंवा माणसाच्या नावावर शोधू नका, फ्लॅट नंबरावर शोधा. एका मालकाचे दोन फ्लॅट असले तर नावावरून पहिल्याच फ्लॅटची रक्कम मिळते.

फॉल्स असलं तरी शोधायच्या मजकुरातलं * आणि ? हे 'काहीही चालेल' असंच धरलं जातं. तसं चिन्ह खरंच नावात असेल तर त्याच्याआधी ~ लावा.

सगळं साफ झाल्यावरच इफएनए (#एन/ए च्या जागी आपला मजकूर दाखवणारं सूत्र) वापरा, आणि त्यात ० लिहू नका, "नोंद नाही" लिहा. शून्य पाहून कमिटीला वाटेल की त्या फ्लॅटने सगळे पैसे भरलेत.