तिसऱ्या रकान्यातले तास

"मॅडम, दोन वर्षं झाली मी गाईडच्या प्रोजेक्टवर रिसर्च असिस्टंट आहे, दिवसरात्र काम करते पण माझी थिसिस आहे तिथेच आहे, आणि आता तर वाटायला लागलंय की मला रिसर्च जमतच नाही, मी चुकून इथे आलेय." मी समुपदेशनाचं काम करते, हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो, कधी मुलगी विचारते, कधी मुलगा, शब्द थोडे इकडचे तिकडे, पण दुखणं तेच. म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पीएचडीचं तिसरं वर्ष, सेल कल्चरची म्हणजे फ्लास्कमध्ये पेशी वाढवायची लॅब. पहिल्या दिवशी आली ती फोन हातातच धरून बसली, बोलता बोलता दर दोन मिनिटांनी स्क्रीनकडे बघायची. मी विचारलं, कोणाचा फोन येणारे का? तर म्हणाली, नाही, फ्लास्क बघायला कोणी गेलंय का ते ग्रुपवर बघतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या पेशी जगवायच्या तर साधारण दर दोनतीन दिवसांनी त्यांचं मीडियम म्हणजे त्यांचं खाणंपिणं बदलावं लागतं, दाटी झाली की नव्या फ्लास्कमध्ये विभागून टाकाव्या लागतात, आणि पेशींना रविवार कळत नाही. त्या मीडियममध्ये बहुतेक वेळा फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो, सगळं ठीक असलं की ते लालसर दिसतं, पेशी बेसुमार वाढल्या किंवा जंतू शिरले की आम्ल वाढून पिवळं पडतं. "मला स्वप्नात पिवळे फ्लास्क दिसतात मॅडम," असं म्हणाली आणि रडायला लागली.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हुशार मुलगी, चांगले मार्क, आणि तरी "मी फसवून इथवर आलेय, एक दिवस सगळ्यांना कळेल" असं म्हणतेय, तर माझ्या डोक्यात लगेच इम्पोस्टर हा शब्द आला. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी बायकांमध्ये ही भावना नोंदवली होती, संकल्पना कामाची आहे, मी अनेकदा वापरते. पण इथे तो शब्द इतका चपखल बसला की मी पुढे बघायचंच थांबले. तीन सेशन आम्ही तिच्या विचारांवर काम केलं, पुरावा काय, उलट पुरावा काय, झोपेचं वेळापत्रक, श्वासाचे व्यायाम, ती मन लावून सगळं करायची (सांगितलेलं काम मन लावून करणं हा तर तिचा स्वभावच!) आणि चौथ्या वेळी आली ती आणखी थकलेली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा विचारलं की बाई गं, तुझा कालचा दिवस कसा गेला ते तासातासाने सांग. आणि ते ऐकताना मला कळलं की तिच्या विचारांत बिघाड शोधत बसण्याआधी तिचे तास कुठे जातायत हे मी विचारायला हवं होतं.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. दोन आठवडे तिने एका वहीत रोजचे तास लिहायचे, दोन रकाने, एक "असिस्टंट म्हणून प्रोजेक्टचं काम", दुसरा "माझ्या थिसिसचं काम". तिसऱ्याच दिवशी तिचा मेसेज आला की मॅडम, बरीच कामं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, काय करू? मी म्हटलं, तिसरा रकाना आख आणि त्याला सध्या नावच देऊ नको. दोन आठवड्यांनी वही उघडली तर तो बिननावाचा रकाना सगळ्यात भरलेला. शनिवारी रविवारी फ्लास्क बघणं, नवीन आलेल्या मुलांना पिपेट धरायला शिकवणं, सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या डेटाचे ग्राफ करून देणं, रिएजंटच्या ऑर्डरी, प्रोजेक्टच्या रिपोर्टच्या तक्त्यांमधले आकडे जुळवणं. आणि या सगळ्यात एक प्रयोगांची मालिका, जी सुचली होती तिलाच, केलीही तिनेच, पण प्रोजेक्टच्या पैशांतून आणि प्रोजेक्टच्या पेशींवर. "हे कोणाचं?" मी विचारलं. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

इथेच सगळं होतं बघा. स्वतःच्या हुशारीवर तिला शंका होती हे खरंच होतं, पण ती शंका कशावर पोसली जात होती? दोन वर्षांची मेहनत जिला स्वतःचं म्हणता येत नाही, तिला आपण काहीच केलं नाही असंच वाटणार ना? आणि हा एकटीचा प्रश्न नाही. २०१८ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीत एक सर्वेक्षण आलं होतं, २६ देशांतले २,२७९ जण, बहुतेक पीएचडीचे, त्यातल्या ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र डिप्रेशनची लक्षणं दिसली. आता असे फॉर्म ज्याला त्रास असतो तोच जास्त भरतो, त्यामुळे तो आकडा मी सगळ्यांना सरसकट लावणार नाही. पण ज्यांचं गाईडशी नातं बरं नव्हतं त्यांच्यात हा त्रास जास्त दिसला असं त्यातच आहे, आणि ते मला माझ्या खोलीतही रोज दिसतं.

आता "मग जाऊन सरळ विचार ना" असं म्हणणं सोपं आहे. ती म्हणाली, मॅडम, स्टायपेंड त्यांच्या प्रोजेक्टमधून येतो, थिसिसवर सही त्यांची, उद्या नोकरीला शिफारसपत्र त्यांचं, मी काय तोंडाने विचारू? मी तिला "घाबरू नकोस" म्हटलं नाही, कारण ती भीती अगदी खरी होती. एकच माणूस मालकही आणि शिक्षकही असतो तेव्हा साधा प्रश्नसुद्धा तक्रारीसारखा वाटतो, विचारणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून तक्रार बाजूला ठेवून फक्त प्रश्न तयार करायचे असं ठरवलं.

त्याआधी नियम वाचले. आपल्या असिस्टंटशिपच्या पत्रात आठवड्याचे किती तास लिहिलेत हेच तिने जॉइन झाल्यापासून बघितलं नव्हतं! मग पेपरवरच्या, म्हणजे शोधनिबंधावरच्या नावाचं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे निकष बरीच जर्नल्स मानतात, त्यात चार अटी आहेत: कल्पना, आखणी, डेटा किंवा विश्लेषण यात भरीव वाटा, मग लिखाणात किंवा ते तपासण्यात भाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही लागतात. म्हणजे नुसता डेटा गोळा केला म्हणून नाव लागेलच असं नाही, हे ऐकून तिचा चेहरा पडला. पण त्याच नियमांत हेही आहे की ज्याने पहिली अट पूर्ण केली त्याला लिखाणात भाग घ्यायची संधी द्यायला हवी, त्याला बाहेर ठेवून नंतर "तू लिहिलं नाहीस" म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे क्रेडिट नावाची एक पद्धत आहे, संशोधनातल्या १४ भूमिकांची, त्यात प्रत्यक्ष प्रयोग करणं, डेटा नीट लावून ठेवणं यांनाही स्वतंत्र नाव आहे. ती यादी तिने वहीशेजारी ठेवली आणि आपल्या कामांपुढे टिक करत गेली. एरवी काहीतरी पुसटसं बोलणारी मुलगी त्या दिवशी म्हणाली, "अरे, हे तर मीच केलंय." (प्रत्येक शाखेची पद्धत वेगळी असते हो, गणितात तर नावं बहुधा अक्षरक्रमानेच लागतात, तेव्हा आपल्या शाखेत काय चालतं ते आधी बघा.)

मग मेलचा मसुदा. तिचं पहिलं वाक्य होतं, "सर, सॉरी, तुम्हाला त्रास देतेय, मला माहितीये तुम्ही खूप बिझी आहात आणि माझंच कदाचित चुकत असेल." ते काढायला आम्हाला अख्खं सेशन लागलं. शेवटी राहिलं एवढंच: थिसिसच्या प्लॅनवर बोलायला अर्धा तास हवाय, तीन गोष्टी विचारायच्या आहेत, या प्रयोगांच्या मालिकेतला कुठला भाग माझ्या थिसिसमध्ये घेऊ, त्यावर पेपर झाला तर लिखाणात माझी भूमिका काय, आणि शनिवार रविवारचं काम वाटून घेता येईल का. खोलीत मी सर झाले, ती ती झाली, दोनदा सराव केला. दुसऱ्यांदा मी मुद्दाम कडक झाले, "आत्ता रिपोर्ट महत्त्वाचा आहे, हे नंतर बघू," तर ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली, "चालेल सर, नंतर म्हणजे कुठल्या तारखेला?" हे तिला मी शिकवलं नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं? सरांना आश्चर्य वाटलं. ते धरूनच चालले होते की ती मालिका तिच्याच थिसिसमधलं प्रकरण होणार, फक्त तिला सांगायचं राहिलं होतं! दोन वर्षं हे सांगायचं राहिलं, मला अजून त्याचा राग येतो. पेपरचा पहिला मसुदा तिने लिहायचा ठरलं, पहिलं नाव कोणाचं ते मात्र नंतर ठरवू म्हणाले, ते तिच्या मनाला लागलं. शनिवार रविवारचं वेळापत्रक तिघांत वाटलं. नव्या मुलांना शिकवायचं काम तिच्याकडेच राहिलं, त्यावर ते हलले नाहीत. घरी आल्यावर तिने बोलण्याचा सारांश चार ओळींच्या मेलमध्ये लिहून त्यांनाच पाठवला, हे तुम्हीही नक्की करा, विश्वास नाही म्हणून नाही तर सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नसतं म्हणून.

आणि सगळेच गाईड असे निघत नाहीत, हे मला चांगलं माहितीये. प्रश्न विचारल्यावर कोणी स्टायपेंडची धमकी दिली, किंवा तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर एकट्याने भांडायला जाऊ नका. तारखांसकट नोंदी ठेवा, लॅब नोटबुक, मेल, फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपा, आणि थिसिस कमिटीतल्या भरवशाच्या एका माणसाकडे, विभागप्रमुखांकडे किंवा विद्यापीठाच्या तक्रार निवारणाच्या यंत्रणेकडे जा. गाईड बदलता येतो, बदललेली मुलं मी बघितलीयत, वेळ जातो पण आयुष्य जात नाही. आणि झोप पूर्ण उडालीय, किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर थिसिस, पेपर, नाव सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणालातरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा, बाकीचं नंतर बघता येतं.

शेवटच्या सेशनला ती आली तेव्हा फोन पर्समध्ये होता. म्हणाली, "मॅडम, शनिवारी फ्लास्क पिवळा पडला. माझी पाळी नव्हती. मला सोमवारी कळलं."

"मग?"

"मग काय, फ्रीझ करून ठेवलेल्या पेशींची नवी व्हायल काढली आणि परत वाढवायला लावल्या."

वही अजून चालू आहे का असं विचारलं तर म्हणाली, चालू आहे, पण तिसरा रकाना आता फार भरत नाही.