‘बरं झालं’ आणि त्यापुढचं ‘नाहीतर’

“सगळं आहे हो, पण कशाचंच काही वाटत नाही. आठवडा संपला की आठवतात त्या फक्त कटकटी. मी कृतघ्न आहे का?”

हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत वरचेवर येतो आणि बहुतेक वेळा तो विचारणारी बाई नोकरी आणि घर दोन्ही ओढत असते. ही हकीकत अशाच एकीची आहे, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. वय ४१, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टमधल्या एका ऑफिसच्या अकाउंट्स विभागात. घरी नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. महिना जुलैचा, म्हणजे गाड्यांचा जो काही खेळखंडोबा व्हायचा तो चालू होता.

येताना त्यांनी एक वही आणली होती. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पहिल्या पानावर होतं: घर, नवरा, मुलं, आरोग्य, नोकरी. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त क्रम बदललेला. आठव्या दिवशी हाडाच्या अकाउंटंटने लिहावं तसं एकाच शब्दात, “वरीलप्रमाणे”. अकराव्या दिवशी वही बंद, आणि ‘साधं एवढंही जमत नाही’ हा नवा अपराध खात्यावर जमा.

वहीकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. त्या न करता कृतज्ञतेचा सराव देणं म्हणजे ताप न मोजताच काढा पाजणं. पहिली गोष्ट नैराश्याची चाचणी. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांकडून नीट तपासणी हवी. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, आधी त्यावर बोलायचं. या बाईंची बेरीज ८ आली, नववं उत्तर शून्य. दुसरी गोष्ट रक्ताची. रेल्वेचा पूल चढताना धाप लागते असं त्या सहज बोलून गेल्या, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. बाईचं १२ च्या खाली असलं की तो रक्तक्षय. फॅमिली डॉक्टरांनी कारण शोधायला घेतलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. थकलेल्या शरीराला काही वाटेनासं होतं आणि घरातले त्याला ‘हिला कशाची किंमतच नाही’ म्हणतात, हे फार वेळा दिसतं.

आता वही. ती फसली यात बाईंचा दोष नव्हता. घर, नवरा, आरोग्य ही नामं आहेत. रोज असणाऱ्या गोष्टीची मनाला सवय होते, ती पुन्हा पुन्हा लिहून सवय मोडत नाही, उलट पक्की होते. मनाला हलवते ती घटना: अमक्या वेळी, अमक्याने, अमुक केलं. शिवाय लिहायची वेळ रात्री साडेअकराची, मुलांचे डबे धुऊन झाल्यावर. त्या वेळी कुणालाही एकच गोष्ट चांगली वाटते, ती म्हणजे उशी.

आणि ‘रोज’ ही अटच नडते. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदाच लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ सालच्या, या विषयात सर्वाधिक सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासातही पहिल्या प्रयोगातले विद्यार्थी आठवड्यातून एकदाच यादी करत होते. सात दिवस लिहून ज्यांना बरं वाटतं त्यांनी खुशाल लिहावं. पण ज्या बाईच्या दिवसात आधीच सतरा कामं आहेत तिला अठरावं देऊ नये.

दुसऱ्या भेटीत एका कागदावर चौकटी आखल्या. सात दिवस, प्रत्येकाचे तीन भाग: सकाळ, दुपार, रात्र. एकवीस घरं. त्यांत गेल्या आठवड्यात काय घडलं ते भरायचं. काय वाटलं ते नाही. बाईंची आठ घरं भरली आणि आठही कटकटींची: सोमवारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा, बुधवारी कामवाली आली नाही, गुरुवारी साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, शुक्रवारी मुलीचा ताप. उरलेली तेरा घरं कोरी. हे स्वाभाविक आहे. अडलेली, अर्धवट राहिलेली गोष्ट मन धरून ठेवतं. सुरळीत पार पडलेली सोडून देतं.

अशा वेळी ‘आता चांगलं आठवा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. म्हणून कोऱ्या घरांना हात न लावता भरलेल्यांनाच प्रश्न विचारले. बुधवारी कामवाली नव्हती, मग भांडी कुणी घासली? “अर्धी मी. अर्धी सासूबाईंनी, मोरीत स्टूल घेऊन बसून.” गुडघ्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस झालेत? “तीन महिने.” सोमवारी चाळीस मिनिटं उभ्या होतात? “नाही, फोर्थ सीट मिळाली, तिघींच्या बाकावरची चौथी जागा. एक बाई म्हणाली, मी ठाण्याला उतरतेय, तुम्ही बसा. तिच्यासमोर दुसरी उभी होती खरं तर, पण माझा चेहरा बघून मला दिली.” शुक्रवारी ताप होता तर ऑफिसातून लवकर कशा निघालात? “शेजारच्या टेबलावरच्या पोराने माझी व्हाउचर्स करून टाकली.”

कटकटीच्या पोटातच मदत बसलेली असते, कारण काही अडलं की कुणीतरी हात लावतं. अडलेलं निभलं की आपण ‘निभलं’ म्हणतो आणि निभावणारा विसरतो. म्हणून सुरुवात तक्रारींच्या यादीपासून करावी. ती तयारच असते, आणि तक्रार करायची मुभा मिळाल्याने बोलणाऱ्याचा जीवही हलका होतो.

गुरुवारच्या घरात मात्र काही सापडलं नाही. साहेबांनी चारचौघांत अपमान केला, मधे कुणी पडलं नाही. तिथे ‘यातून मी शिकले’ वगैरे लिहायचं नाही. ते घर तसंच ठेवायचं.

कटकटीतली ही मदत टिपायला मराठीत घडवलेलं वाक्य आधीच आहे: “बरं झालं, छत्री घेतली होती, नाहीतर भिजले असते.” आपण ते दिवसातून चारदा बोलतो. त्यातलं ‘नाहीतर’ महत्त्वाचं. मिन्क्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की जोडीदाराची भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती झालीच नसती तर कसं, हे लिहिणाऱ्यांचं नात्यातलं समाधान अधिक वाढलं. गोष्ट वजा करून पाहिली की ती पुन्हा दिसते. आजी-पणज्यांनी हे वाक्यातच शिवून ठेवलंय.

तेव्हा पद्धत ठरली ती अशी. दिवसभरात काही झालं तर फोनमध्ये स्वतःलाच एक-दोन शब्दांचा मेसेज: ‘ठाणे सीट’, ‘मोरी’, ‘व्हाउचर’. एवढंच. दिवस रिकामा गेला तर गेला. रविवारी संध्याकाळी डाळ-भाताचा कुकर लावला की स्टुलावर बसायचं, पंधराच मिनिटं घ्यायची. मेसेजांतले तीनच निवडून नव्या वहीत लिहायचे. प्रत्येकाबद्दल तीन ओळी: काय झालं; कुणी केलं आणि त्याचं त्यात काय गेलं, वेळ, कष्ट, की गैरसोय; आणि ‘नाहीतर’ काय झालं असतं. दुसरी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते आणि तीच काम करते. ‘सासूबाईंनी मदत केली’ इथे थांबलं तर काही होत नाही. ‘पाय लांब करून, एका हाताने नळ धरून, वीस मिनिटं’ लिहिलं की होतं.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या ओळीत तिन्ही वेळा ‘देवाची कृपा’ आलं. श्रद्धेशी भांडायचं कारण नाही. प्रश्न एवढाच विचारायचा, की ती कृपा कुणाच्या हातून आली? दुसऱ्या आठवड्यात ‘कितीतरी लोकांकडे एवढंही नाही’ आलं. हे काढून टाकायला सांगितलं. दुसऱ्याच्या हालांकडे बघून आलेलं समाधान हे सुटल्याची भावना असते, त्यात धाक आणि अपराध मिसळलेले असतात, आणि आपल्यासाठी ज्याने काही केलं तो माणूस त्यात कुठेच नसतो.

मग बाईंनी उत्साहाच्या भरात सासूबाईंना “आई, थँक्यू हं” म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “का गं? बरं नाही का वाटत तुला?” आपल्या घरांत आभार मानणं म्हणजे माणसाला परकं करणं. आभारप्रदर्शन ऐकू येतं ते कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना. तर तो शब्द सोडून द्यावा आणि कृती व तिचा परिणाम सांगावा. “आई, तुम्ही रात्री कडधान्य भिजत घातलंत, बरं झालं. नाहीतर आज माझी गाडी चुकली असती.” सासूबाईंनी यावर काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मटकीला मोड आणून ठेवले.

मुलांना जेवायला बसवून ‘आजची एक चांगली गोष्ट सांगा’ करायचा प्रयोगही झाला. तेरा वर्षांच्या मुलाने “काही नाही” म्हटलं आणि विषय संपवला. मुलांची तोंडी परीक्षा घेऊ नये. आपली गोष्ट आपण सांगावी, ती ऐकली तर ऐकली.

चौथ्या भेटीत वही चाळताना एक गोष्ट समोर आली, जी पहिल्या वहीत कधीच दिसली नसती. पाच आठवड्यांच्या पंधरा नोंदींत सासूबाई सहा वेळा, लोकलमधल्या अनोळखी बायका तीन वेळा, शेजारीण, ऑफिसातला तो मुलगा, अगदी रिक्षावालाही होता. नवरा एकदाही नव्हता. पहिल्या वहीत तो रोज दुसऱ्या क्रमांकावर होता.

अशा वेळी ‘नीट शोधा, सापडेल’ असं म्हणणारा समुपदेशक बाईच्या विरोधात उभा राहतो. ‘सगळं आहे ना, मग रडतेस कशाला’ हे वाक्य ऐकतच या बायका मोठ्या झालेल्या असतात. कृतज्ञतेच्या नावाखाली तेच पुन्हा ऐकवायचं नाही. ही वही जमाखर्चाची आहे, आणि जमेच्या बाजूला कोण नाही हेही ती सांगते. बाईंनी भांडण न काढता दोन कामं मागितली: शनिवारची भाजी आणि दळण, दोन्ही आणायची आणि संपत आली की स्वतः लक्षात ठेवायची. मोघम ‘जरा मदत कर’ असतं तर आठवड्यात विरलं असतं. पहिल्या शनिवारी भाजीत तीन किलो कांदे आणि एकही कोथिंबीर नाही, असं झालं. तरी ‘बरं झालं’च्या पानावर नवऱ्याची पहिली नोंद त्याच शनिवारची आहे.

सहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ ची बेरीज ४ झाली. यात वहीचा वाटा किती, गोळ्यांचा किती आणि शनिवारच्या पिशव्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर अशा सरावांचा परिणाम छोटाच दिसला. म्हणून तो उपचाराच्या जागी देऊ नये.

काहींना तर देऊच नये. घरात मारहाण होत असेल तर ‘त्याने निदान किराणा आणला’ हे शोधायला लावणं क्रूरपणा आहे. तिथे आधी सुरक्षितता, आणि महिला हेल्पलाइन १८१. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर सहा महिने तरी हा विषय आपणहून काढू नये. नववा प्रश्न शून्य नसेल, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, तर टेलिमानस १४४१६ वर फोन करावा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

तीन महिन्यांनी बाईंशी फोनवर बोलणं झालं. बारा रविवारांतली सात पानं भरलेली होती. गणपतीतलं पान कोरं, मुलांच्या सहामाहीतली दोन कोरी. ती मागाहून भरू का, असं त्यांनी विचारलं; अकाउंट्सवाल्या माणसाला कोरी पानं खुपतातच. नाही म्हणून सांगितलं. आठवून भरलेल्या नोंदीत पुन्हा ‘घर, नवरा, मुलं’ येतं.