स्कुबाला निघालेल्या विहिरीतल्या पोहणाऱ्यांसाठी

प्रश्न : दादा, मी सांगलीचा. लहानपणी पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो, आजपण एका दमात तळाची वाळू काढून आणतो. मार्चमध्ये अंदमानला स्कुबाचा (हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली जायचं) कोर्स करायचाय. मला सोपं जाईल ना?

उत्तर : पोहायचं टेन्शन घेऊच नका. ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या कोर्सला, 200 मीटर न थांबता पोहायचं आणि 10 मिनिटं तरंगायचं असतं, ते तुम्ही गप्पा मारत कराल. घोळ आहे तो तुमच्या त्या 'एका दमात'चा. मीपण वाळवा तालुक्यातल्या विहिरीत मुटके मारत मोठा झालोय, पाण्याखाली गेलं की दम धरायचा हे अंगातच मुरलेलं. हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणतात) तिसऱ्या डाइव्हला समोरून कासव आलं आणि मी बघतच राहिलो, आपोआप छाती भरून दम धरला, आणि लागलो की वर जायला! शिकवणाऱ्यानं फिन (पायातलं वल्ह्यासारखं पातं) पकडून खाली ओढला आणि डोळे वटारून 'श्वास सोड, श्वास सोड' अशी खूण केली. कासव गेलं ते गेलंच.

आता भानगड काय आहे बघा. विहिरीत आपण वरून दम घेऊन जातो, खाली तो दाबानं आक्रसतो आणि वर आल्यावर परत होता तेवढा होतो, काही बिघडत नाही. पण टाकीतली हवा आपल्याला खालच्या दाबानं मिळते. 10 मीटरवर दाब दुप्पट, तिथं छाती भरून घेतली आणि दम धरून तसंच वर आलात तर ती हवा दुप्पट व्हायला बघणार, आणि फुप्फुस काय रबरी फुगा नाही, फाटू शकतं. म्हणून श्वास चालूच ठेवायचा, अगदी संथ. आत्तापासून सवय मोडा.

कानाचं पण सांगतो, नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं ते दुखायच्या आधीच, पहिल्या मीटरपासून. सर्दी असेल तर त्या दिवशी सरळ सुट्टी. आणि मिशी झुपकेदार असेल तर मास्कमध्ये पाणी येतं, आमच्यातल्या एकानं व्हॅसलीन चोपडून भागवलं.

प्रश्न : दादा, आम्ही मैत्रिणी मालवणला जाऊन दोन दिवस डायव्हिंग करणार, रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह आणि लगेच गाडीनं सातारा, सोमवारी ऑफिस आहे. विमानाचा नियम ऐकलाय, पण गाडीला काय प्रॉब्लेम?

उत्तर : ताई, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खाली असताना अंगात जादा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात वरचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर निदान 12 तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर 18 तास थांबायला सांगतात. पण उंची ती उंचीच, मग विमान असो नाहीतर घाट. 300 मीटरच्या वर गेलं की डायव्हर लोक ती उंची धरतात, आणि आपला घाट चढला की आपण त्याच्या बरेच वर, सातारा तर त्याहून वर. नवख्यांना हात धरून नेतात ती छोटी उथळ डाइव्ह असेल तर एवढं घाबरायचं काम नाही, पण दोन दिवस लागोपाठ करणार असाल तर सोमवारची रजा टाका. रविवारी मासे-भात खाऊन झोपा, सकाळी निवांत निघा. आणि येता येता कास नको. सांध्यात दुखायला लागलं, मुंग्या आल्या तर थकवा म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरला आधी सांगा की डायव्हिंग करून आलोय, कारण ते स्वतःहून विचारणार नाहीत.

प्रश्न : कोर्स नुकताच झालाय, बालीला बुडालेलं जहाज बघायला झेपेल का? (इस्लामपूर)

उत्तर : तुलांबेनचं लिबर्टी म्हणताय ना, झेपेल. 1942 मध्ये जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारलेलं अमेरिकन जहाज, किनाऱ्यावर आणून सोडलेलं, 1963 ला आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा सरकून पाण्यात गेलं. वरचा भाग उथळच आहे, तुमची हद्द 18 मीटर, तेवढ्यात भरपूर बघून होतं, आत मात्र शिरू नका. मनगटावरचा लाल गंडा खाली एकदम काळपट दिसला तेव्हा मी दचकलोच, पाणी लाल रंग आधी खातं म्हणून. बोट लागत नाही, किनाऱ्यावरूनच चालत आत जायचं, तिथल्या बायका टाक्या डोक्यावर घेऊन झपाझप जातात आणि आपण गुळगुळीत गोट्यांवर डुलतोय. जाड तळव्याचे बूट मागून घ्या, मी दोनदा आपटलोय.