राखीव पायदळ ब्रिगेड : यात राखीव कोण?

गिरगावातील एका वाचकांनी विचारले आहे, की अमेरिकी सेनेच्या १५७ व्या पायदळ ब्रिगेडचा इतिहास व रचना सांगणाऱ्या लेखाचा अनुवाद करताना त्यांनी ‘राखीव पायदळ तुकडी’ असा शब्दप्रयोग केला, तो योग्य आहे का, आणि ब्रिगेडला मराठीत स्वतःचा शब्द मुळी नाहीच का? प्रश्न दोन असले तरी अडचण तीन शब्दांची आहे. त्यांतला ‘पायदळ’ निर्विवाद आहे. उरलेल्या दोघांकडे मात्र नीट पाहावे लागेल.

‘तुकडी’ येथे चालणार नाही. पाचवीची ‘अ’ तुकडी असते, नाक्यावर बंदोबस्ताला आलेले आठ पोलीसही तुकडीच असतात. या शब्दाला आकार नाही. ब्रिगेडला तो असतो. भारतीय सेनेत साधारणपणे तीन पायदळ बटालियन एका ब्रिगेडियरच्या हाताखाली येतात तेव्हा ब्रिगेड होते, म्हणजे माणसे तीन हजारांच्या आसपास. पहिल्या महायुद्धातील अमेरिकी ब्रिगेड तर दोन रेजिमेंटांची (तिकडची रेजिमेंट म्हणजे काही बटालियनांचा गट), आठ हजारांहून अधिक सैनिकांची होती. एवढ्या जमावाला तुकडी म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे चुकीचे चित्र उभे राहते.

काहीजण ‘पलटण’ सुचवतील, पण पलटण म्हणजे बटालियन. हा शब्द बटालियनचाच अपभ्रंश मानला जातो आणि त्यात प्लाटूनचाही (बटालियनमधील लहान गटाचाही) सूर मिसळला असावा. १७६८ मध्ये मुंबईतच उभी राहिलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आजही ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते, आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या रस्त्याला माता रमाबाई आंबेडकर मार्ग हे नाव मिळूनही जुने मुंबईकर पलटण रोडच म्हणतात. गोरेगावात आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त सुभेदार आहेत. मी त्यांना हाच फरक विचारला, तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “पलटण म्हणजे आमचं घर, आणि ब्रिगेड म्हणजे जिथून हुकूम यायचा ते हेडक्वार्टर.” सैनिकाच्या मनातला हा भेद अनुवादातही टिकला पाहिजे.

मग ब्रिगेडला मराठी शब्द कोणता? एके काळी होता, आणि तो ‘कंपू’. महादजी शिंद्यांच्या चाकरीत द बॉइन या युरोपीय अधिकाऱ्याने कवायती पायदळ उभे केले, त्यात सुमारे दहा पलटणी आणि त्यांच्या तोफा मिळून एक कंपू होत असे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभे ठाकलेले, शिंद्यांच्याच चाकरीतील पोलमनचे पायदळ हाही असाच एक कंपू होता. शब्द बहुधा पोर्तुगीज ‘काम्पो’वरून, म्हणजे छावणीवरून आला. छावणीचे नाव छावणीतल्या फौजेला लागले, आणि ज्याला आज ब्रिगेड म्हणतात त्याच अर्थाने तो मराठ्यांच्या लष्करात रुळला. पुढे कवायती फौजा गेल्या आणि शब्दाचा अर्थही घसरला. आता कंपू म्हणजे आपापसांत साटेलोटे करणाऱ्यांची टोळी, आणि ‘कंपूशाही’ ही तर उघड शिवीच. मला या शब्दाची हळहळ वाटते, तरीही तो परत आणा असे मी सुचवणार नाही, कारण ‘१५७ वा पायदळ कंपू’ वाचून कोणालाही सेना आठवणार नाही. ‘दल’ही उपयोगी नाही, फायर ब्रिगेडचे अग्निशमन दल झाले हे खरे, पण वायुदल आणि पोलीस दलही दलच आहेत. तेव्हा ‘ब्रिगेड’ हाच शब्द ठेवावा. ब्रिगेडियर आपण बिनदिक्कत म्हणतो, मग ब्रिगेडला संकोच कशाला?

खरी मेख ‘राखीव’मध्ये आहे. कोरीव म्हणजे कोरलेले, रेखीव म्हणजे रेखलेले, तसे राखीव म्हणजे कोणीतरी राखून ठेवलेले. त्यामुळे ‘राखीव ब्रिगेड’ म्हटल्यावर मराठी वाचकाला सेनापतीने ऐन वेळेसाठी मागे ठेवलेली ब्रिगेड दिसते. मुंबईत तर हा समज आणखी पक्का आहे, कारण गोरेगावच्या राज्य राखीव पोलीस दलाचे जवान पूर्णवेळ नोकरीतले असतात आणि गरज पडेल तिथे पाठवले जातात. अमेरिकी ‘रिझर्व्ह’ ब्रिगेडमध्ये मात्र राखीव असतो तो माणूस : एरवी बँकेत किंवा कारखान्यात काम करणारा, महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले सुमारे दोन आठवडे गणवेशात काढणारा. आपल्याकडे त्याला जवळची संस्था म्हणजे प्रादेशिक सेना, जिचे उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी केले. पण ते एका विशिष्ट संस्थेचे नाव आहे, ते अमेरिकी ब्रिगेडला लावता येणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिल्या उल्लेखात ‘राखीव सैनिकांची पायदळ ब्रिगेड’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘ब्रिगेड’. विशेषण ब्रिगेडवरून उचलून सैनिकांवर ठेवले की अर्थ सरळ होतो.

मात्र हे विशेषण लेखभर सरसकट लावू नये. १५७ वी ब्रिगेड १९१७ मध्ये मेरीलँडमधील कॅम्प मीड येथे ७९ व्या डिव्हिजनमध्ये (डिव्हिजन म्हणजे ब्रिगेडहून मोठी फौज) उभी राहिली, तेव्हा तिच्या ३१३ व ३१४ क्रमांकांच्या रेजिमेंटांत सक्तीच्या भरतीने आलेले पूर्णवेळ सैनिक होते. यांपैकी ३१३ व्या रेजिमेंटने सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील माँफोकाँ घेतले. ते राखीव सैनिक नव्हते, आणि तसे लिहिणे ही भाषेची नव्हे, इतिहासाची चूक ठरेल. ‘राखीव सैनिकांची’ हे शब्द युद्धानंतरच्या, १९२० च्या दशकातील पुनर्रचनेपासून लागू होतात. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात ती पुन्हा उभी राहिली तेव्हा तिला ‘स्वतंत्र’ हे आणखी एक विशेषण मिळाले, म्हणजे कोणत्याही डिव्हिजनचा भाग नसलेली, स्वतःचा तोफखाना व इंजिनिअर बाळगणारी. तेथे ‘राखीव सैनिकांची स्वतंत्र पायदळ ब्रिगेड’ असे पूर्ण लिहावे. शब्द पाच झाले तरी ते मुळीच जास्त नाहीत.