संचिकेत काय ठेवावे, काय वगळावे?

प्रश्न : मी अध्यापक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. आम्हाला व्यावसायिक संचिका, म्हणजेच पोर्टफोलिओ, तयार करायची आहे. पाठ टाचणे, निरीक्षकांचे शेरे, तक्त्यांची छायाचित्रे, कार्यशाळांची प्रमाणपत्रे असा दोन फाइली भरतील एवढा ऐवज माझ्याजवळ आहे. हे सगळे लावायचे की त्यातून निवड करायची? शिवाय माझे काही सराव पाठ फसले आणि त्यांवरचे शेरेही प्रतिकूल आहेत. ते ठेवल्यास पुढे नोकरीच्या मुलाखतीत माझे नुकसान होईल का?
– एक छात्राध्यापिका

उत्तर : सगळे लावू नका, आणि फसलेल्या पाठांपैकी निदान एक तरी अवश्य ठेवा. तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे, म्हणून त्यांचा विचारही एकत्रच करू.

अध्यापकांच्या संचिकेची कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांच्या संशोधन प्रकल्पातून पुढे आली. केवळ लेखी परीक्षेने अध्यापनाचे कसब तपासता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. शुलमन यांच्या मांडणीत मार्गदर्शनाखाली केलेल्या अध्यापनाचा सुसूत्र, कागदोपत्री इतिहास म्हणजे संचिका. त्याला विद्यार्थ्यांच्या कामाच्या नमुन्यांचा आधार हवा आणि चिंतनपर लेखन व चर्चा यांशिवाय ती पूर्ण होत नाही. या व्याख्येत प्रमाणपत्रे कुठेही नाहीत, याकडे लक्ष द्या. प्रमाणपत्र तुमची उपस्थिती सिद्ध करते, पण तुमच्या शिकवण्यात त्यामुळे काय बदलले हे सांगत नाही. ती सर्व एका पानावर यादी करून नोंदवली तरी पुरेसे आहे.

आता निवडीचा निकष. ज्या कागदामुळे विद्यार्थ्यांनी काय केले आणि त्यावरून तुम्ही काय बदलले हे दिसते, तो ठेवण्याजोगा. बाकीचा कितीही सुबक असला तरी घरच्या फाइलीत राहू द्यावा. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका छात्राध्यापिकेने दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवली. फळ्यावर तिने ०.७५ आणि ०.२५, ०.८ आणि ०.३, ०.६२ आणि ०.४ अशा जोड्या घेतल्या. वर्गाने सगळी उत्तरे बरोबर दिली आणि निरीक्षकांनीही चांगला शेरा दिला. दुसऱ्या दिवशी स्वाध्यायाच्या वह्या तपासताना मात्र दिसले की ०.३५ आणि ०.५ यांपैकी ०.३५ मोठा असे अनेकांनी लिहिले आहे. मुले दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचत होती : पस्तीस पाचपेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठा. मग वर्गात उत्तरे बरोबर कशी आली? कारण फळ्यावरच्या तिन्ही जोड्यांत हा चुकीचा नियमही बरोबर उत्तरच देतो! चूक मुलांच्या दुर्लक्षाची नव्हती, उदाहरणांच्या निवडीची होती. दुसऱ्या टाचणात तिने शंभर चौकटींच्या चौरसावर ०.५ म्हणजे पन्नास आणि ०.३५ म्हणजे पस्तीस चौकटी रंगवून घेतल्या. पडताळणीसाठी मात्र ०.३५ आणि ०.५ या जोडीबरोबर ०.६२ आणि ०.४ ही जोडीही मुद्दाम ठेवली, कारण काही मुले ‘अंक जास्त तो अपूर्णांक लहान’ असा उलटा नियम बनवून पहिल्या जोडीचे उत्तर बरोबर काढतात.

पहिले टाचण, दोन-तीन वह्यांच्या प्रती, दुरुस्त टाचण, नंतरच्या पडताळणीचे नमुने आणि एक-दीड पानाचे चिंतन, एवढ्या सामग्रीतून या छात्राध्यापिकेबद्दल जे कळते ते चाळीस कोरीव टाचणांतून कळणार नाही. म्हणूनच फसलेला पाठ ठेवा असे मी म्हणते. मुलाखत घेणाऱ्या जाणत्या मुख्याध्यापकांना तुमचे पाठ कधी फसणार नाहीत अशी हमी नको असते. फसल्यावर ते तुमच्या लक्षात येते का, हे त्यांना पाहायचे असते. मात्र प्रतिकूल शेरा एकटा ठेवू नका. त्याखाली पुढच्या पाठात केलेला बदल आणि त्याचा परिणाम लिहा. शेरा तुम्हाला पटला नसेल, तर तेही आदराने, वर्गातील पुराव्यासह नोंदवता येते.

प्रत्येक सामग्रीला चार-पाच ओळींची टीप जोडा : हे कधीचे आहे, कोणत्या वर्गातील आहे, आणि मी हेच का निवडले. ‘का निवडले’ याचे उत्तर लिहिता आले नाही, तर ती वस्तू काढून टाका. मुलाखतीला संपूर्ण संचिका नेली तरी तिच्यातील आठ-दहा पानांची वेगळी प्रत हाताशी असावी. तेवढ्या वेळात तेवढेच पाहिले जाते.

प्रश्न : प्रत्येक पाठानंतर चिंतन लिहावे लागते, पण ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला’ यापलीकडे मला काही सुचत नाही. चिंतन नेमके कसे लिहावे?
– एक छात्राध्यापक

उत्तर : तुम्ही लिहिलेले वाक्य हा निष्कर्ष आहे, आणि ज्या निरीक्षणावरून तो काढला ते निरीक्षणच लिहायचे राहून गेले आहे. प्रतिसाद कोणी दिला? पुढच्या बाकांवरच्या पाच जणांनी की साऱ्या वर्गाने? कोणत्या प्रश्नाला वर्ग गप्प झाला? एखाद्या विद्यार्थ्याचे अनपेक्षित उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. बहुतेक वेळा चिंतनाचा धागा तिथेच सापडतो. व्यावसायिक आपल्या कामातून कसे शिकतात याचा अभ्यास करणारे अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती चालू असताना होणारे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद मांडला, तो इथे उपयोगी पडेल. पाठ चालू असताना तुम्ही टाचण सोडून काही वेगळे केले असेल, तर तो क्षण आणि त्यामागचे कारण आधी लिहा. नंतर, माझी अपेक्षा काय होती, प्रत्यक्षात काय घडले, त्याचे संभाव्य कारण कोणते आणि पुढच्या तासाला मी काय करून पाहीन, या क्रमाने जा. ‘यापुढे अधिक चांगली तयारी करीन’ हे वाक्य मला असंख्य संचिकांत भेटले आहे आणि त्यातून लिहिणाऱ्यालाही काही मिळत नाही. त्याऐवजी ‘प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी निदान तीन सेकंद थांबेन’ असे लिहा, म्हणजे पुढच्या पाठात ते झाले की नाही हे तपासता येईल. आणि हे त्याच दिवशी लिहा. सत्र संपताना आठवून लिहिलेली वीस चिंतने एकसारखीच होतात, आणि वाचणाऱ्याला ते ओळखू येते.

प्रश्न : संचिकेत वर्गातील मुलांची छायाचित्रे आणि त्यांच्या वह्यांची पाने लावली तर चालतात का?
– एक छात्राध्यापिका

उत्तर : वह्यांची पाने लावावीतच, पण शाळेच्या परवानगीने, आणि प्रत काढण्यापूर्वी नाव, हजेरी क्रमांक व शाळेचे नाव झाकून. चेहरे दिसणाऱ्या छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती हवी. संचिका संगणकीय असून तिचा दुवा इतरांना पाठवणार असाल तर ते स्पष्ट सांगूनच संमती घ्या. माझा सल्ला असा, की चेहरे टाळावेत. फलकलेखन, मुलांनी मांडलेले साहित्य किंवा काम करणारे हात यांच्या छायाचित्रातून तुमचे अध्यापन तितकेच स्पष्ट दिसते. एखाद्या मुलाच्या घरच्या परिस्थितीचा किंवा आजाराचा उल्लेख चिंतनात आला असेल, तर नाव बदलणे पुरेसे नाही, कारण लहान शाळेत तपशिलांवरूनही मूल ओळखले जाते. तो भाग तुमच्या खासगी वहीत ठेवा आणि संचिकेतून काढून टाका.