भेळ मऊ का पडते?

अगं, चूक चटणीत नाही, कुरमुऱ्यांत आहे. मुंबईच्या पावसाळी हवेत पुडा उघडा राहिला की ते लगेच सादळतात. आधी कढईत मंद आचेवर 4-5 मिनिटं कोरडेच परत. बोटांत दाबल्यावर कुर्रकन चुरा झाला पाहिजे. पूर्ण गार होऊ दे, गरम असतानाच डब्यात भरलेस तर वाफ धरते. चिंच-गुळाची चटणी चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकी दाट हवी. हिरवीत मिरच्या सढळ हाताने घाल, पाणी मात्र बेताचंच. कांदा, बटाटा, कैरी चिरून ठेव. पाहुणे बसले की मगच कालव, शेव सगळ्यात शेवटी. चौपाटीवरचा भेळवाला बघ, गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच पातेल्यात चमचा फिरवतो.